रोल पुरा झाल्याशिवाय

दार कुठलंही असो, उघडायच्या आधी ते खोकायचे. मग विचारायचे, "उघडू का?" आतून कोणी हो म्हणालं तरच कडीला हात लावायचे. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीपुढे ते रोज असे थांबत, खोली रिकामी आहे हे माहीत असतानासुद्धा. एकदा बँकेच्या काचेच्या दारापुढे उभे राहून खोकले, तेव्हा आतल्या शिपायानं त्यांना पाणी आणून दिलं होतं.

कारण साधं होतं. त्यांचं सगळं आयुष्य अंधाऱ्या खोलीत फोटोचे रोल धुण्यात गेलं होतं. रोल धुताना कोणी मधेच दार उघडलं की उजेड शिरायचा आणि अख्ख्या लग्नाचे फोटो जायचे. एकदा तसं झालंही होतं म्हणे. त्यांच्या मेहुण्यानं चहा घेऊन दार ढकललं, रोल गेला, आणि नवरा-नवरीला पुन्हा बाशिंगं बांधून उभं करावं लागलं. तोवर नवरी सासूशी भांडलेली होती. "ते भांडान अजून त्यांच्या भिताडावर टांगलेलं हाय," असं ते सांगायचे.

मानवतमध्ये त्यांना सगळे मामाच म्हणत. मीही. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, पण मालकीण म्हणून मला अक्का म्हणायचे. या माणसानं मला गावात जे वाईट नाव लावून दिलं ते अजून निघालेलं नाही. ते कसं लागलं हे सांगणारच आहे, पण आधी माणूस सांगते. माणूस कळल्याशिवाय ती गोष्ट कोणाला खरी वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

मी पेडगावची. मानवतला तहसीलसमोर एका जुन्या झेरॉक्स मशीनवर सुरुवात केली, मग लॅमिनेशन, मग फ्लेक्सचे बॅनर. दुकानातली एकही वस्तू मी समोरच्यानं सांगितलेल्या भावानं घेतलेली नाही. विकणारे मला शिव्या देत गेले, पण वस्तू देऊन गेले. माझा राग लवकर चढतो हे खरं आहे. धंद्यात त्याचा मला तोटा झालेला नाही, फक्त एकदा झाला, आणि तेव्हाही चूक रागाची नव्हती.

मोबाइल आले तसा मामांचा स्टुडिओ बसला. मी त्यांचं सामान घ्यायला गेले. दिव्यांचे दोन स्टँड, उजेड पसरवायची एक पांढरी छत्री, निळा पडदा आणि लाकडी स्टूल. मी भाव पाडत गेले. शेवटी मी जो आकडा बोलले तो ऐकून त्यांनी बराच वेळ छत्रीकडे बघितलं.

"द्या," ते म्हणाले. "पन मग मीबी सामानासंगं येतो."

मला वाटलं चेष्टा करतात. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तर ड्रायव्हरशेजारी मामा, मांडीवर छत्री. मी म्हणाले, "मामा, तुम्ही कशाला त्रास घेतला?" तर म्हणाले, "छत्री कोन उघडनार? तुमाला येतीय का?" आजवरच्या सौद्यांमध्ये न मागता पदरात पडलेली वस्तू ती एकच.

पण माणूस कामाचा निघाला. पासपोर्ट फोटोला कोणी बसलं की ते कॅमेरा जुळवायचे, मान सरळ करायचे, आणि बटन दाबायच्या नेमक्या क्षणी विचारायचे, "घराला कुलूप लावलं का?" समोरच्याचा चेहरा एकदम ताठ व्हायचा, डोळे उघडायचे. तेवढ्यात फोटो. माणूस जागा दिसला पाहिजे, एवढंच त्यांचं शास्त्र. मानवत तालुक्यात कितीतरी माणसं आज बँकेच्या पासबुकावर किल्ली आठवत बसलेली आहेत. एक म्हातारी तर फोटो न घेताच घराकडे पळाली.

"मामा, गिऱ्हाईक पळवायलाव का?"

"गिऱ्हाईक येतंय वापस. फोटो बघा आधी. कशी टकटकीत हाय!"

ती परत आली. कुलूप लावलेलं होतं. पैसे देताना म्हणाली, "मेल्या, तुझ्यामुळं जीव जायलता माझा," आणि चार फोटो जास्तीचे काढून घेऊन गेली.

कॉम्प्युटर ते माझ्याच दुकानात शिकले. पार्श्वभूमी पांढरी करणं, कॉलर सरळ करणं, कपाळावरचा घाम पुसणं, सगळं झटकन जमलं. पण हात शिकले, डोकं रोलमध्येच राहिलं. जुन्या रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे. छत्तीस पुरे झाल्याशिवाय रोल कॅमेऱ्यातून काढायचा नाही आणि अर्धा धुवायचा नाही, हा तेव्हाचा नियम. मामांनी तो नियम कॉम्प्युटरलाही लावला. सकाळी फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उघडलं की त्यात छत्तीस फोटो एकदम उघडायचे. एकेक सुधारत जायचे. पण सुधारलेला फोटो साठवायचा नाही, बंदही करायचा नाही. छत्तीसचे छत्तीस झाले की मग सगळे एकदम साठवायचे. तोवर चहाला गेले तर स्क्रीन बंद करून जायचे, फोटोला उजेड लागू नये म्हणून.

"मामा, एक झाला की एक साठवा. लाइट गेली तर?"

"अर्धा रोल धूत नसतेत, अक्का."

"हा रोल नाही!"

"मग काय हाय?"

राग आला की मी बाहेर येऊन कोणत्या तरी कागद विकणाऱ्या एजंटाशी भाव करायची, बरं वाटायचं.

मग कॉम्प्युटर अडायला लागला. डिस्कच्या नावापुढची पट्टी लाल झाली आणि सॉफ्टवेअर निरोप द्यायला लागलं की जागा संपली, काम पुढे नेता येत नाही. मी आधी मामांवरच घसरले.

"पिक्चर भरलेत का यात?"

"टॉकीज बंद झाल्यापसून मी पिक्चर बघितला न्हाई. तुमीच बघा हुडकून."

हुडकलं, तर पिक्चर नव्हते. भलत्याच नावांच्या फायली होत्या, आकडे आणि चिन्हं, शेवटी टेम्प. उघडत नव्हत्या. एकेक एवढी मोठी की माझे शंभर बॅनर त्यात मावले असते. मला वाटलं व्हायरस. परभणीहून कॉम्प्युटरचा मेकॅनिक बोलावला. त्यानं सगळं पुसून मशीन नव्यासारखी करून दिली, मजुरी घेतली आणि गेला. पंधरवड्यात पट्टी पुन्हा लाल. मी त्याला फोन लावला.

"ताई, आता येता यायचं नाही, लय कामं हायत."

"येऊ नका. मजुरी घेतली ना? मग शिकवा."

"फोनवर कसं शिकवू?"

"जशी फोनवर मजुरी मागितली तसं."

त्यानं शिकवलं. बरं शिकवलं, हे कबूल करायला हवं. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर काम करताना आपलं जड सामान डिस्कवर एका तात्पुरत्या फायलीत टाकतं. काम संपवून ते नीट बंद केलं की ती फाइल आपोआप जाते. पण मधेच लाइट गेली किंवा सॉफ्टवेअर अडकून बंद पडलं, तर ती तशीच पडून राहते. मला लगेच समजलं, कारण मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हेच होतं. सौदा झाला की हमाल पोती उचलतात. सौदा मधेच मोडला की पोती रस्त्यात पडून, आणि पुढच्या गाडीला वाट नाही. मामा छत्तीस फोटो उघडून बसणार, म्हणजे फाइल डोंगराएवढी. आमच्याकडे लाइट दिवसातून दोनदा जाणार आणि इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, म्हणजे डोंगर रोज मागे राहणार, आणि मामा तेच फोटो मुकाट्यानं पुन्हा सुधारायला बसणार.

उपायही त्यानंच सांगितला. एक, फोटो झाला की साठवून बंद करायचा. दोन, सॉफ्टवेअर बंद करून मागे राहिलेल्या फायली पुसायच्या. सॉफ्टवेअर चालू असताना पुसलं तर काय होईल, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काही होत नाही. जी फाइल चालू कामाची आहे ती कॉम्प्युटर पुसूच देत नाही, निरोप येतो की ही वापरात आहे. जी मेलेली आहे ती मुकाट्यानं जाते."

मी मामांना बसवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "अक्का, ते निगेटिव्ह हाय."

"काय?"

"फोटोचं निगेटिव्ह. मशीन आपलं ठिवायली. ते टाकीत नसतेत."

त्यांच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांमध्ये अर्ध्या मानवतचे निगेटिव्ह होते. पुण्याहून एक माणूस आईचा फोटो मागायला आला, तेव्हा मामांनी डब्यातून नेमका तो काढून दिला होता. ही गोष्ट ते वर्षातून तीनदा सांगायचे आणि दर वेळी त्या माणसाचं पद वाढायचं. आधी कारकून होता, शेवटी इंजिनिअर झाला.

"मामा, पण ह्या फायली उघडतसुद्धा नाहीत."

"निगेटिव्ह तरी कुठं उघडायचं? उजेडाम्होरं धरावं लागायचं." आणि चष्मा कपाळावर चढवून ते स्क्रीनकडे असे वाकले, जणू कोपऱ्यात कुठेतरी नवरी दिसेलच.

मी वाद सोडला. मामा दुपारी जेवायला घरी गेले की मी दार लावून मेलेल्या फायली पुसायची. पट्टी निळी व्हायची. ते परत यायचे, दाराशी खोकायचे, "उघडू का?" आणि छत्तीस फोटो पुन्हा उघडून बसायचे. दोघांचंही बरं चाललं होतं.

मग शाळेच्या कामाचं गुत्तं मिळालं. एका संस्थेच्या शाळेतल्या सगळ्या पोरांची ओळखपत्रं करायची होती. परभणीचा एक मोठा छापखाना त्यात होता, पण मी हेडसरांच्या टेबलासमोर तीन वेळा जाऊन बसले आणि ते काम त्याच्याकडून ओढून आणलं. तालुक्यात त्या संस्थेच्या आणखी शाळा होत्या. हे नीट झालं तर त्याही माझ्याकडे येणार होत्या. त्या भरवशावर मी कार्ड छापायची नवी मशीन बोलून ठेवली होती.

अट एकच होती आणि ती हेडसरांनी दोनदा सांगितली. शाळेतली बरीच पोरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. काही आईबापांबरोबर जातात, काही मागे वसतिगृहात राहतात. "मुकादमांचे ट्रक लागायच्या आत कार्ड पोरांच्या गळ्यात पाहिजे, ताई. कारखान्याच्या तळावर दुसऱ्या शाळेत बसवायचं तर पोराकडं काहीतरी पाहिजे की. नंतरचं कार्ड मला कामाचं न्हाई, त्याचा पैसाबी देणार न्हाई."

फोटो मामांनी शाळेत जाऊन काढले. बरोबर पाण्याचा तांब्या आणि कंगवा. प्रत्येक पोराचा भांग स्वतः पाडायचे, मगच स्टुलावर बसवायचे. एका शिक्षिकेनं उवांचं बोलून दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी कंगवा उकळून आणला आणि तो गरम आहे हे तिच्या हातावर ठेवून दाखवलं. पोरांना कुलुपाचं विचारून उपयोग नाही, म्हणून विचारायचे, "आज खिचडीत काय निघालं?" एक पोरगं म्हणालं, "मामा, वटाना." तर म्हणाले, "एकच? मग त्याचाबी फोटो काढावं लागंल." फोटो फार सुंदर आले. ते मी आजही नाकारत नाही.

पण काम इतकं होतं की मामांनी घरी जेवायला जाणं सोडलं. डबा दुकानातच. खुर्चीवरून उठायचे ते फक्त चहाला, तेही माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन बंद करून. त्यामुळे मला पुसायला सवड मिळेना आणि मागच्या खोलीत फायली साचत गेल्या.

शेवटचा वर्ग उरला होता, सातवीचा. कार्डं दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची, आणि त्या दुपारी निरोप आला, जागा संपली. मामांनी मला हाक मारली. छत्तीसपैकी एकतीस फोटो सुधारून झाले होते, एकही साठवलेला नव्हता. आता साठवायला गेलं तर डिस्कवर जागाच नव्हती. सॉफ्टवेअर बंद करून जागा करावी तर सगळं काम जाणार.

"उठा मामा," मी म्हणाले.

"काय करनार हाव?"

"जागा."

"निगेटिव्हला हात लावू नका, अक्का. लेकरं हायत त्यात."

"लेकरं चालू फायलीत आहेत. ती मला कॉम्प्युटर पुसूच देणार नाही. मी मेलेल्या काढते."

"कोनची मेलीय अन् कोनची जितीय, तुमाला कसं कळतंय?"

"जी जात नाही ती जिती."

मी एकेक फाइल निवडून पुसत गेले. जुन्या सगळ्या मुकाट्यानं गेल्या. एकीवर निरोप आला, ही वापरात आहे. तिला सोडलं. पट्टी लालची निळी झाली. मामा माझ्या पाठीमागे उभे होते. प्रत्येक फाइल जाताना ते तोंडानं "च्च" करायचे, अंगणात कोणी भांडं पाडल्यासारखं.

"झालं. आता साठवा."

"पाच राहिलेत अजून."

"मामा, आता साठवा. मग पाच करा. सकाळपासून लाइट तीनदा गेलीय, बॅटरी उतरलीय."

"पाचच हायत. रोल पुरा करतो."

मी कीबोर्डकडे हात नेला. त्यांनी कीबोर्डवर दोन्ही पंजे पालथे ठेवले, कोंबडी पिलांवर बसते तसे. मी मालकीण असले तरी म्हाताऱ्या माणसाचे हात उचलून बाजूला करणं मला जमलं नाही. मी ओरडले मात्र भरपूर. समोरच्या चहावाल्यानं मान वर केली. मामांनी ऐकून घेतलं, मला बाजूला सारलं, खुर्चीवर बसले आणि बत्तिसाव्या फोटोची कॉलर सरळ करायला लागले.

लाइट गेली. इन्व्हर्टर दोनदा ओरडला आणि स्क्रीन काळी झाली.

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात दारात हेडसर. काम कुठवर आलं ते बघायला आले होते. काळी स्क्रीन बघून त्यांनी विचारलं, "काय झालं, मामा?"

मामा खुर्चीवरून उठले. चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाले, "अक्कानं पुसलं, सर."

मी थक्क झाले. मी काय सांगितलं, किती जोरात सांगितलं, हे आता आठवून उपयोग नाही. लाल झालेल्या बाईचं ऐकायचं की पांढऱ्या केसांच्या शांत माणसाचं, हे हेडसरांनी तिथेच ठरवलं. त्यांनी कॅमेऱ्याचं कार्ड मागितलं, सगळ्या वर्गांचे मूळ फोटो त्यात होते, आणि सरळ परभणीच्या छापखान्याला गेले. ओळखपत्रं वेळेवर झाली, पार्श्वभूमी निळीच्या निळी ठेवून. पोरांच्या गळ्यात पडली, ट्रक गेले. माझं गुत्तं गेलं, बाकीच्या शाळा गेल्या आणि बोलून ठेवलेल्या मशीनच्या दुकानदारानं माझा फोन उचलणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. कंगवा तेवढा आदल्या दिवशी घेऊन गेले होते. कळलं की चुडाव्याला लेकीकडे राहायला गेले. गावात मात्र एक वाक्य मागे ठेवून गेले. लग्नाचे फोटो द्यायला आलेली माणसं हसत विचारायची, "अक्का, पुसशाल तर न्हाई ना?" चहावाला, ज्यानं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, तोही विचारायचा. मी त्याच्याकडचा चहा बंद केला.

वर्ष उलटलं. शाळेचं काम पुन्हा निघणार असं कानावर आलं तशी मी चुडाव्याला गेले. गाडीतून उतरले, घर विचारत गेले. दार वाजवलं. आतून खोकला आला आणि पाठोपाठ प्रश्न, "उघडू का?"

"तुमचंच घर आहे. उघडा."

मामा जरा वाळले होते. पाटावर बसवलं, लेकीला चहा टाकायला सांगितलं.

"मी भांडायला आले नाही, मामा."

"मग कशाला आलाव? भांडायचं नसताना तुमी कुठं गेलाव कदी?"

"एक वाक्य पाहिजे. हेडसरांना सांगा, अक्कानं पुसलं नव्हतं."

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "काय देशाल?"

मला हसू आलं आणि रागही आला. हा माणूस माझ्याचकडून शिकला होता. मी म्हणाले, "दिव्यांचे स्टँड, छत्री, स्टूल. सगळं परत. टेम्पोभाडं माझं."

"पडदा?"

"पडदासुद्धा."

त्यांचे डोळे चमकले. छत्री उघडायची म्हणून की काय, उजवा हातही जरा वर झाला. मग तो त्यांनी मांडीवर ठेवला.

"न्हाई परवडत, अक्का."

"का न परवडायला? तुम्हाला बोलायचंय फक्त."

"तुमी पुसलं न्हाई म्हनलो की ते कोनाकडं जातंय? फिरून माझ्याचकडं येतंय की. सगळी हयात मानवतमधी रोल धुतले. एक वाया गेला, तोबी मेव्हण्यानं दार उघडलं म्हनून. माझ्या हातानं एकबी न्हाई. आता शेवटाला कामून घेऊ ते अंगावर?"

"आणि माझ्या अंगावर राहू दे?"

"तुमी तरन्या हाव. तुमाला निस्तरतंय."

यावर मी जे बोलले ते त्यांच्या लेकीनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि चहा जरा उशिरा आणला. तो मी प्यायले. एवढ्या लांब येऊन रिकामं परतायची मला सवय नाही.

परत आल्यावर मी ठरवलं की साक्षीदार नको, पुरावा दाखवू. तोवर एक जुना लॅपटॉप घासाघीस करून घेतला होता. तो हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उघडलं, एक मोठा फोटो त्यात घेतला आणि डिस्कवर तयार झालेली तात्पुरती फाइल दाखवली.

"सर, ही चालू कामाची फाइल. पुसा."

"मी?"

"तुम्हीच. माझ्यावर विश्वास नाही ना गावाचा."

त्यांनी बटन दाबलं. निरोप आला, ही वापरात आहे. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तोच. मग मी एक मुद्दाम मागे ठेवलेली मेलेली फाइल दाखवली. ती एका दाबात गेली. हेडसर विज्ञान शिकवायचे. त्यांनी दोन्ही गोष्टी आणखी एकदा करून बघितल्या आणि खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे तुमी चालू काम पुसलंच नव्हतं."

"पुसताच आलं नसतं."

"मग त्या दिवशी पोरांचे सुधारलेले फोटो गेले कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे वर्षभर तयार होतं. मी ते भाकऱ्या करताना म्हटलं होतं, शटर उचलताना म्हटलं होतं, चुडाव्याहून येताना गाडीच्या खिडकीशी म्हटलं होतं. मामांनी साठवले नव्हते. चार शब्दसुद्धा नाहीत. हेडसर वाट बघत होते.

"लाइट गेली होती, सर."

"लाइट तर रोजच जाते."

"म्हणून नवी बॅटरी घेतलीय. आता कार्डाचा दर बोलू."

त्यांनी परभणीचा दर सांगितला. मी त्याच्या दीडपट सांगितला, ते हसले आणि मग आम्ही नीट भांडलो. शेवटी दर असा ठरला की त्यांना वाटलं ते जिंकले. शाळा मला मिळाली. बाकीच्या शाळा अजून मिळालेल्या नाहीत.

पोरांचे फोटो मला काढायचे होते, तेव्हा छत्री बाहेर काढली. ती मला उघडेना. नाइलाजानं चुडाव्याला फोन लावला.

"खाली खटका हाय," मामा म्हणाले. "आधी आत दाबा, मग वर लोटा. जोर लावू नका, तुमच्या हाताला लय जोर हाय." मग जरा थांबून, "कुनाचे फोटो हायत?"

"शाळेचे. गुत्तं मिळालं."

"हेडसरला काय सांगितलाव?"

"लाइट गेली होती म्हणून सांगितलं."

पलीकडून ते खोकले, दारापुढे खोकायचे तसे.

"गेलीच होती की, अक्का."

ह्याच अर्थाचं एक वाक्य मी चुडाव्यापर्यंत जाऊन, सगळं सामान देऊ करून मागितलं होतं. ते मिळालं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, रस्त्यावर कोणी थांबलेलं नव्हतं, आणि समोरचा चहावाला पाठ करून कप विसळत होता.